डेबियन १३ 'ट्रिक्सी': काय बदललं, कोणी जायचं आणि कोणी थांबायचं

मागच्या व्याख्यानात आपण मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम कशा तयार होतात ते पाहिलं. ते संपल्यावर चार-पाच जणांनी थांबून एकच प्रश्न विचारला, "आमच्याकडे डेबियन १२ आहे, १३ वर जायचं का?" याला एका शब्दात उत्तर देता आलं असतं तर आजचं व्याख्यान ठेवायची गरजच पडली नसती. बहुतेकांसाठी उत्तर 'जा' असंच आहे. काहींनी आधी दोन-चार गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. आणि थोड्या लोकांनी मुळीच जाऊ नये. तुम्ही यातले कोण, हे आज आपल्याला ठरवायचं आहे.

नवीन मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन सुरू केलं. तिच्या मागे कुठलीही कंपनी नाही, जगभरातले स्वयंसेवक ती चालवतात. डेबियन हे नाव कधी ऐकलं नसलं तरी उबुंटू ऐकलं असेल, आणि शाळेतल्या मुलांच्या प्रकल्पात रास्पबेरी पाय पाहिलं असेल. या दोन्हींचा पाया डेबियनचाच आहे. त्यामुळे डेबियनमध्ये जे बदलतं ते आज ना उद्या बऱ्याच ठिकाणी पोचतं. तिच्या आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतल्या पात्रांवरून ठेवतात. सुरुवातीच्या काळात प्रकल्पाचं नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स पिक्सार कंपनीत काम करत होते, तिथून ही प्रथा आली. १२ वी आवृत्ती 'बुकवर्म', १३ वी 'ट्रिक्सी', आणि जी कायम अस्थिर असते, जिच्यात सगळे प्रयोग होतात, तिला 'सिड' म्हणतात. चित्रपटात खेळणी मोडणारा जो शेजारचा पोरगा आहे ना, तोच हा सिड. नाव अगदी समर्पक आहे.

ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली, म्हणजे बुकवर्मनंतर दोन वर्षं आणि दोन महिन्यांनी. एकूण ६९,८३० पॅकेजेस, त्यातली १४,१०० हून अधिक नवीन. लिनक्स कर्नल ६.१२, नोम ४८, केडीई प्लाझ्मा ६.३, लिबरऑफिस २५.२, पायथन ३.१३. फोटोचं काम करणाऱ्यांसाठी गिंप ३ आलं आहे, त्याची कित्येक वर्षं वाट बघणं चाललं होतं. आकडे सांगून झाले. यात फार अडकण्यात अर्थ नाही, कारण नवीन आवृत्तीत नवीन प्रोग्रॅम असणारच. आपल्याला बघायचं आहे ते यादीत पटकन न दिसणारं.

सगळ्यात मोठं काम झालं आहे ते वेळेवर. संगणक वेळ कशी मोजतो? १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे, किती सेकंद झाले हे तो मोजत बसतो. आपण बघतो ती तारीख, वार, महिना हे सगळं त्या एका आकड्यावरून काढलेलं असतं. जुन्या पद्धतीत या आकड्याला ३२ बिटांची जागा दिलेली होती. त्या जागेत मावणारा सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. तितके सेकंद पुरे होतील मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्याच्या पुढच्या सेकंदाला काय होतं? जुन्या स्कूटरचा मीटर आठवा. ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढे पाच शून्यं. स्कूटर तीच, रस्ता तोच, पण मीटर म्हणतो गाडी कोरी करकरीत. इथे त्याहून विचित्र प्रकार होतो. आकडा शून्यावर न जाता उणे होतो आणि संगणकाला वाटतं की आज १३ डिसेंबर १९०१ आहे.

कोणी म्हणेल, २०३८ ला अजून वेळ आहे. पण तारखा फक्त आजच्याच वापरल्या जातात का? वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडेच जातो. तो हिशेब करणारा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने मोजत असेल तर तो २०३८ ची वाट न बघता आजच अडखळेल. आणि दुसरी गोष्ट म्हणजे उपकरणं. आपण लॅपटॉप पाच-सात वर्षांत बदलतो. पण एखाद्या कारखान्यात यंत्राच्या मागे बसवलेला, किंवा पाण्याच्या टाकीवर पातळी मोजायला लावलेला छोटा बोर्ड कोणी बदलत नाही. बंद पडेपर्यंत तो तिथेच. आज बसवलेला असा बोर्ड २०३८ साली चालू असण्याची शक्यता चांगलीच आहे.

मग ३२ च्या जागी ६४ बिट करा, संपलं, असं वाटेल. आपल्याकडचे आजचे बहुतेक लॅपटॉप आणि डेस्कटॉप ६४ बिटांचेच आहेत आणि त्यांच्यात ही वेळ आधीपासून ६४ बिटांची आहे. प्रश्न आहे तो ३२ बिटांच्या यंत्रांचा, त्यातही छोट्या एआरएम बोर्डांचा. तिथे नुसता आकडा मोठा करून भागत नाही. हे जरा सावकाश समजून घेऊ.

सरकारी छापील फॉर्म घ्या. त्यात तारखेला आठ चौकोन, त्याच्या पुढे लगेच पिनकोडचे सहा. आता वरच्या कार्यालयाने नवा फॉर्म काढला आणि तारखेला सोळा चौकोन दिले. पण खालच्या टेबलावरच्या कारकुनाला हे कोणी कळवलंच नाही. तो सवयीने आठ चौकोन मोजतो, पुढचे सहा पिनकोड म्हणून उतरवून घेतो. तारखेचा अर्धा भाग पिनकोडात गेला! फॉर्म फाटला नाही, कोणी ओरडलं नाही, सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. संगणकातल्या लायब्ररी आणि त्या वापरणारे प्रोग्रॅम यांच्यात हेच होतं. एकाने वेळेची जागा वाढवली आणि दुसऱ्याने वाढवली नाही, तर चुकीची माहिती गुपचूप चुकीच्या जागी जाऊन बसते.

म्हणून हा बदल एकेक करून करता येत नाही. वेळेशी संबंध असलेल्या शेकडो लायब्ररी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली हजारो पॅकेजेस एकत्रच नव्याने बांधावी लागली. जुनी आणि नवी लायब्ररी चुकून एकमेकींच्या जागी बसू नये म्हणून नव्या लायब्ररींच्या पॅकेजच्या नावामागे 'टी६४' असं शेपूट लावलं. ट्रिक्सीवर गेल्यावर पॅकेजच्या नावांत ते तुम्हाला जागोजाग दिसेल, ६४ बिटांच्या संगणकावरसुद्धा, कारण नावं सगळीकडे एकच ठेवतात. ते बघून घाबरू नका. या कामाच्या आघाडीवर स्टीव्ह लँगसेक होते. डेबियन आणि उबुंटू दोन्हीकडे त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १ जानेवारी २०२५ ला त्यांचं निधन झालं, ट्रिक्सी बाहेर पडायच्या सात महिने आधी.

हे काम ऐन भरात असताना, मार्च २०२४ च्या शेवटी, आणखी एक प्रकार घडला. एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका साध्याशा साधनात कोणीतरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंता सिड वापरत होते. दुसऱ्या संगणकावर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांना खटकलं, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते चोरदरवाज्यापर्यंत पोचले. तो बिघडवलेला एक्सझेड सिडमध्ये आणि चाचणीच्या शाखेत शिरला होता, स्थिर आवृत्तीत, म्हणजे तेव्हाच्या बुकवर्ममध्ये, आला नव्हता. "डेबियनमध्ये सगळं शिळं असतं" अशी तक्रार आम्हीही पूर्वी करायचो. हल्ली जरा जपून करतो.

वेळेच्या बदलाचा एक धागा थेट तुमच्या-आमच्या रोजच्या कामात येतो. या संगणकावर कोण कधी आलं हे बघायला 'लास्ट' ही कमांड असते. ट्रिक्सीवर ती दिली तर अशी कमांड सापडत नाही असं उत्तर येईल. आमच्यातल्या एकाला वाटलं होतं की अपग्रेडच अर्धवट झालं. तसं नाही. ही नोंद ज्या फायलीत व्हायची तिच्या रचनेत वेळेला ३२ बिटांचीच जागा होती, ६४ बिटांच्या संगणकावरसुद्धा. म्हणून ती जुनी व्यवस्थाच मोडीत काढली. तिच्या जागी 'डब्ल्यूटीएमपीडीबी' नावाचं नवं पॅकेज आहे, ते वेगळं बसवावं लागतं. शेवटचं लॉगिन दाखवणाऱ्या 'लास्टलॉग'च्या जागीही आता 'लास्टलॉग२' आलं आहे.

आता 'मुळीच जाऊ नये' असा जो गट म्हटला त्याच्याकडे वळू. ३२ बिटांचे जुने पीसी, ज्यांना डेबियनमध्ये आय-३८६ म्हणतात, त्यांच्यासाठी ट्रिक्सीत कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. आय-३८६ ची पॅकेजेस ठेवली आहेत ती फक्त ६४ बिटांच्या संगणकावर जुने प्रोग्रॅम चालवता यावेत म्हणून. आणि गंमत बघा, याच आय-३८६ मध्ये वेळ मुद्दाम ३२ बिटांचीच ठेवली आहे. जुने, आता कोणी नव्याने बांधून देणार नाही असे प्रोग्रॅम आणि खेळ चालवणं हाच ज्याचा उपयोग उरला, तिथे वेळेची जागा बदलली तर तो उपयोगही संपेल. अशा संगणकांसाठी डेबियनचा अधिकृत सल्ला स्पष्ट आहे: ट्रिक्सीवर अपग्रेड करू नका. प्रोसेसर ६४ बिटांचा असेल तर ६४ बिटांची प्रणाली नव्याने बसवा, नसेल तर यंत्र निवृत्त करा.

'निवृत्त करा' हे लिहायला सोपं आहे. आम्ही एका गावातल्या शाळेत जातो, तिथे दान म्हणून मिळालेले अकरा संगणक आहेत. त्यावर डेबियन आम्हीच बसवलं होतं, सगळ्यांवर ३२ बिटांचं, कारण देणाऱ्यांनी "फार जुने आहेत हो, चालतील की नाही कुणास ठाऊक" असं सांगितलं होतं आणि आम्ही ते तपासलं नाही. ट्रिक्सीची बातमी वाचल्यावर पहिला विचार आला की अकराच्या अकरा गेले. मुख्याध्यापकांना फोन कसा करायचा यावर आमच्यात दोन दिवस चर्चा झाली! शेवटी एका शनिवारी जाऊन प्रत्येकावर 'एलएससीपीयू' ही कमांड दिली. तिच्या उत्तरात वरच्याच ओळींत प्रोसेसर कोणत्या पद्धतीने चालू शकतो ते येतं. तिथे नुसतं ३२ बिट असेल तर प्रोसेसरच तसा आहे. ३२ आणि ६४ दोन्ही असेल तर प्रोसेसर ६४ बिटांचा आहे आणि आपण त्याच्यावर अर्धीच प्रणाली बसवून ठेवली आहे. अकरापैकी आठांवर दोन्ही आलं. आमची इतक्या वर्षांची चूक आणि आमचंच नशीब.

म्हणून ही गोष्ट आवर्जून सांगतो. तुमच्याकडे, तुमच्या वाचनालयात, तुमच्या संस्थेत ३२ बिटांचं डेबियन असेल तर यंत्र भंगारात काढण्याआधी ही एक कमांड देऊन बघा. इंटेलच्या कोअर टू पासून पुढचे प्रोसेसर ६४ बिटांचे आहेत. जुने पेंटियम आणि काही अ‍ॅटमवाले छोटे नेटबुक यांच्यात मात्र बघूनच सांगता येतं. आणखी एक. चालू प्रणाली जागच्या जागी ३२ वरून ६४ वर नेता येते असं कोणीतरी तुम्हाला सांगेल. येते, पण धोक्याचं काम आहे. घरच्या फायली बाहेर काढून नव्याने बसवणं हा एका दुपारचा खेळ आहे आणि रात्री झोप लागते.

राहिले तीन. त्यांच्यासाठी बुकवर्म अजून आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती तीन वर्षं नियमित सांभाळली जाते आणि पुढे दोन वर्षं दीर्घकालीन आधाराचा गट तिचं बघतो. बुकवर्मची नियमित मुदत १० जून २०२६ पर्यंत, आणि दीर्घकालीन आधार ३० जून २०२८ पर्यंत. ट्रिक्सीसाठी हेच ऑगस्ट २०२८ आणि जून २०३०.

काही जणांना हा निर्णय अन्यायाचा वाटतो. लिनक्स म्हणजे जुन्या यंत्रांना जीवदान, अशीच तिची ओळख आपण करून देत आलो. पण हे काम करणारी माणसं मोजकी, आणि प्रत्येक पॅकेज अशा यंत्रासाठी तपासायचं जे आता विकत मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावं लागतं. आमचं मत विचाराल तर निर्णय योग्य आहे. दुसरीकडे, खुल्या रचनेच्या ६४ बिटी रिस्क-फाइव्ह प्रोसेसरला ट्रिक्सीत पहिल्यांदाच अधिकृत आधार मिळाला. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर याच रचनेवर आहे. एक दार बंद होताना दुसरं उघडलं, पण शाळेतल्या त्या तीन यंत्रांना त्याचा काही उपयोग नाही, हे खरंच आहे.

तिसरा बदल लहान आहे, पण आम्हाला चांगलाच महागात पडला. प्रोग्रॅमना तात्पुरत्या फायली ठेवायला 'टीएमपी' नावाचं फोल्डर असतं. आतापर्यंत ते डिस्कवर असायचं. ट्रिक्सीपासून ते मेमरीत, म्हणजे रॅममध्ये असतं आणि रॅमच्या जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत वाढू शकतं. रिकामं असताना ते जागा अडवत नाही. वेग वाढतो, डिस्कची झीज कमी होते. चांगलं आहे.

पण आम्ही जुन्या मराठी मासिकांची पानं स्कॅन करून त्यातला मजकूर काढायचं काम करतो, आणि ते ज्या संगणकावर चालतं त्यात रॅम चारच जीबी आहे. ट्रिक्सीवर गेल्यावर दुसऱ्याच रात्री काम अडकलं. संदेश काय, तर जागा शिल्लक नाही. डिस्कवर साठ जीबी मोकळे दिसत होते! आम्ही डिस्क तपासली, केबल बदलली, एकाने तर नवी डिस्क मागवायची तयारी केली. मोठ्या आकाराची पानं उघडताना तो प्रोग्रॅम टीएमपीमध्ये तात्पुरत्या फायली टाकत होता आणि दोन जीबीची मर्यादा भरली होती, हे तिसऱ्या दिवशी कळलं. मग त्या कामापुरता तात्पुरत्या फायलींचा पत्ता 'व्हार-टीएमपी' या डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवला आणि गाडं सुरू झालं. ज्यांना पूर्वीसारखंच हवं आहे त्यांना 'टीएमपी डॉट माउंट' हे युनिट मास्क करून, यंत्र पुन्हा सुरू करून ते मिळवता येतं. कमांड पडद्यावर आहे, उतरवून घ्या.

यात दोन उपप्रश्न आहेत. बुकवर्मवरून आलेल्या यंत्रात टीएमपीमधल्या जुन्या फायली पुसल्या जात नाहीत. नवं टीएमपी त्यांच्यावर अंथरलं जातं आणि त्या खाली झाकल्या जाऊन डिस्क अडवत राहतात. सतरंजीखाली राहिलेला कचरा म्हणा. मूळ फाइलसिस्टीम दुसऱ्या जागी बाइंड करून जोडली की त्या दिसतात आणि काढता येतात. दुसरं म्हणजे, ज्या यंत्रावर ट्रिक्सी नव्याने बसवली आहे तिथे टीएमपीमधल्या फायली दहा दिवसांनी आणि व्हार-टीएमपीमधल्या तीस दिवसांनी आपोआप साफ होतात. 'तात्पुरतं' म्हणून तिथे कायमचं सामान ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी ते हलवावं.

अपग्रेड करताना काय बघायचं, तेवढं सांगतो. बॅकअप घ्या, हे सांगायला नको, तरी सांगतो. आधी बुकवर्ममधली सगळी अद्ययावत पॅकेजेस घ्या. विशेषतः दूर बसून एसएसएचवरून अपग्रेड करणार असाल तर हे टाळूच नका, कारण एसएसएचचं जुनं पॅकेज असेल तर अपग्रेड चालू असताना मध्येच जोडणी तुटली की पुन्हा आत जाता येत नाही असं होऊ शकतं. 'बूट'चं विभाजन वेगळं असेल तर त्याचा आकार बघा. कर्नल आणि फर्मवेअर आता बरेच जड झाले आहेत, ७६८ एमबी आकार आणि त्यातले सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत असं डेबियन सांगतं. पूर्वी बसवलेल्या कित्येक यंत्रांत ते विभाजन याहून लहान आहे. नेटवर्क कार्डाचं नावही बदलू शकतं. सर्व्हर दुसऱ्या गावात असेल तर त्याच्यासमोर बसू शकेल असं माणूस त्या दिवशी तिथे असू द्या. पॅकेज बसवणारं 'एपीटी' आता ३.० झालं आहे. ते काढायची पॅकेजेस लाल रंगात आणि बसवायची हिरव्या रंगात वेगवेगळी दाखवतं. लाल यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. आम्ही पूर्वी ते न वाचता दाबून एकदा सगळा डेस्कटॉपच काढून टाकला होता, तेव्हा हे रंग नव्हते.

मागून प्रश्न आला आहे की मराठीचं काय. इन्स्टॉलर सुरू करताना भाषा म्हणून मराठी निवडता येते, तारीख-वार मराठीत दिसतात, देवनागरी फॉन्ट आणि टायपिंगची सोय आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र मेनू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे दिसतात. नवे प्रोग्रॅम येतात तसे नवे शब्द येतात, भाषांतर करणारे हात तितके नाहीत. यातलं एखादं वाक्य तुमच्या नजरेला खटकलं तर ते बदलायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.

आणखी एकांनी विचारलं आहे, त्या तीन संगणकांचं पुढे काय केलं. दोन अजून शाळेतच आहेत, बुकवर्मवर, इंटरनेटची वायर काढून ठेवलेली. मुलं त्यावर टायपिंग करतात. तिसऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आठवीच्या वर्गाने पूर्ण पंचनामा केला, आणि त्यातली रॅम दुसऱ्या दोघांत गेली.